लोंढा तोच, लोक वेगळे
ऑस्ट्रेलियातल्या इप्सविचमध्ये मासे-चिप्सचं दुकान चालवणाऱ्या पॉलिन हॅन्सन १९९६ साली खासदार झाल्या आणि पहिल्याच भाषणात म्हणाल्या, आशियाई लोंढ्यात देश बुडेल. १९९८ मध्ये क्वीन्सलँड विधानसभेच्या निवडणुकीत त्यांच्या ‘वन नेशन’ पक्षाला जवळपास २३ टक्के मतं आणि ११ जागा मिळाल्या. २०१६ मध्ये त्या सिनेटवर निवडून आल्या तेव्हा भीती जुनीच होती, फक्त आशियाईंच्या जागी मुस्लिम आले! बुरखाबंदीच्या मागणीसाठी २०१७ मध्ये त्या सिनेटमध्ये चक्क बुरखा घालून बसल्या. त्यांना खडसावलं ते उजव्या सत्ताधारी आघाडीच्याच जॉर्ज ब्रँडिस यांनी. उठून टाळ्या वाजवल्या विरोधकांनी. ३१ ऑगस्ट २०२५ रोजी अनेक शहरांत स्थलांतरविरोधी मोर्चे निघाले, त्या मोर्च्यांच्या पत्रकात मात्र बोट थेट भारतीयांकडे होतं.