पहिली मोटार आणि थांबण्याची विद्या

पुण्याहून सोलापुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, सुमारें ६० किलोमीटरांवर, दौंड तालुक्यांतील पाटस हें गांव लागतें. येथूनच बारामतीचा रस्ता फुटतो. हा मुलूख उसाचा व साखर कारखान्यांचा. त्यामुळें गळिताच्या हंगामांत उसानें लादलेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, मालमोटारी आणि भरधांव मोटारी एकाच रस्त्यावर येतात. ज्या कुटुंबांत प्रथमच मोटार यावयाची आहे, त्यानें अशा रस्त्यापासून एक धडा अवश्य घ्यावा. तो धडा गाडी पळविण्याचा नव्हे, थांबविण्याचा होय.

कायद्याची वाट सोपी आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें १८ वर्षें पूर्ण झालेल्या व्यक्तीस मोटारीचा शिकाऊ परवाना मिळतो. तो ६ महिने चालतो, आणि ३० दिवस लोटल्यावर पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येते. तोंपर्यंत शेजारीं परवानाधारक शिकविणारा बसलेला पाहिजे व गाडीच्या पुढें-मागें पांढऱ्या पाटीवर तांबडें ‘एल्’ अक्षर पाहिजे.

परंतु परीक्षा उतरलेल्यांसहि पुष्कळदां एक साधें गणित ठाऊक नसतें. ताशीं ४० किलोमीटरांनीं जाणारी गाडी एका सेकंदांत ११ मीटर जाते. ८० च्या वेगानें २२ मीटर. संकट दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारें एक सेकंद जातो. त्यानंतर चांगल्या कोरड्या रस्त्यावर पहिली गाडी सुमारें ९ मीटरांत थांबते. दुसरीस ३५ मीटर लागतात. वेग दुप्पट झाला कीं ब्रेकचें अंतर चौपट होतें, कारण गाडीच्या अंगची गतिशक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणजे एकंदर अंतर एकीचें २० मीटर, तर दुसरीचें ५७ मीटर! ओल्या रस्त्यावर तें याहूनहि वाढतें.

आतां रात्रीची वेळ कल्पावी. पुढें मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली संथपणें चालली आहे. दिव्याच्या खालच्या झोतांत ती दिसते तेव्हां अंतर थोडेंच उरलेलें असतें. म्हणून उजेडांत जितका रस्ता दिसतो, तितक्यांत थांबतां येईल एवढाच वेग ठेवावा, हा नियम शिकणाऱ्यानें पहिल्या दिवसापासून अंगवळणीं पाडावा.

मोटार निवडतांनाहि हेंच सूत्र उपयोगी पडतें. ब्रेक दाबतांना चाकें अडकूं न देणारी ‘एबीएस’ ही योजना भारतांतील नव्या मोटारींना २०१९ पासून सक्तीची आहे. तिच्यामुळें जोरानें ब्रेक दाबला तरी गाडी वळवितां येते; मात्र अतिवेगाचा दोष तिनें नाहींसा होत नाहीं. जुनी गाडी घेणाऱ्यानें रंगाआधीं ब्रेक, दिवे व टायर पाहावेत. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरांहून कमी खोल उरली असल्यास तो बदलावा. नोंदणीपुस्तक व विमा तपासून ३० दिवसांच्या आंत गाडी आपल्या नांवावर करण्याचा अर्ज द्यावा.

पहिली मोटार दारीं येते तो दिवस घराच्या आनंदाचा असतो. गाडी किती वेगानें धांवते हें शेजारी विचारतीलच. ती किती अंतरांत थांबते, हें मात्र चालविणाऱ्यानें स्वतःस विचारावयाचें असतें.