जुन्या कार-स्टिरिओचा दुभाषी

मोटारीतला जुना स्टिरिओ निकामी झाला असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याचा अॅम्प्लिफायर शाबूत असतो आणि स्पीकरही उत्तम वाजत असतात. संपलेली असते ती त्याला पुरवायची कॅसेट किंवा सीडी. फोनमधले गाणे त्याच्यापर्यंत पोहोचवणे हे काम म्हणूनच दुरुस्तीपेक्षा दुभाष्याचे अधिक आहे.

पहिला दुभाषी अगदी साधा होता. फिलिप्सने १९६३ साली आणलेल्या कॅसेटमधली फीत सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटिमीटर वेगाने प्लेअरच्या हेडपुढून सरकते आणि तिच्यावरचे बदलते चुंबकत्व ते हेड टिपते. कॅसेट-अॅडॅप्टरमध्ये वाजवायची फीतच नसते. तिच्या जागी बसवलेले छोटे हेड फोनकडून आलेल्या विद्युत्-संकेतांचे चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि प्लेअर ते फितीवरचे समजून वाजवतो.

दुसरा दुभाषी अधिक हुशार आहे. १९९०च्या दशकात अनेक गाड्यांच्या डिकीत सीडी-चेंजर असे. बीएमडब्ल्यूच्या त्या काळातल्या काही गाड्यांत स्टिरिओ आणि चेंजर यांचे बोलणे ‘आय-बस’ नावाच्या एकाच तारेवरून, सेकंदाला ९६०० बिट अशा संथ गतीने चाले. ‘चेंजर हजर आहे का?’ असे स्टिरिओ विचारतो. उत्तर मिळाले तरच तो त्या दिशेने येणारा आवाज स्वीकारतो. हौशी तंत्रज्ञांनी या तारेवरचे संदेश नोंदवून त्यांचे अर्थ लावले. आता रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक, तारेशी जुळवून घेणाऱ्या छोट्या सर्किटच्या मदतीने, चेंजरच्या वतीने ‘हजर’ म्हणू शकतो. आवाज मात्र चेंजरच्या वेगळ्या तारांतून जातो. स्टिअरिंगवरचे ‘पुढचे गाणे’ हे मूळ बटणही मग मेमरी कार्डावरचे गाणे बदलते.

खरी कसोटी विजेची. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. इंजिन चालू असताना दाब १४च्या आसपास जातो, तर स्टार्टर फिरताना एकदम खाली येतो. संगणकाला हवे असतात स्थिर ५ व्होल्ट, म्हणून मध्ये कन्व्हर्टर लागतो. किल्ली बंद करताच वीज तुटली, तर मेमरी कार्डावरच्या फाइली बिघडू शकतात. यासाठी एक तार बॅटरीकडून कायमची घेतात, दुसरी किल्लीवरून. दुसरीतली वीज गेली की संगणक आधी स्वतः नीट बंद होतो आणि मगच त्याचा पुरवठा तोडला जातो. नाहीतर बॅटरी उतरते. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली, तर अर्थिंग दोन वाटांनी जोडले गेल्याचा संशय घ्यावा. आवाजाच्या तारांमध्ये छोटा ट्रान्सफॉर्मर घातल्यास ती बहुधा थांबते.

एवढा खटाटोप शक्य होतो, कारण जुन्या गाडीत स्टिरिओ ही वेगळी वस्तू होती. १८० बाय ५० मिलिमीटरच्या ठरलेल्या खाचेत कोणत्याही कंपनीचा डबा बसे. जिथे खाच निराळी होती, तिथेही मागच्या तारा हाताला लागत. आज अनेक गाड्यांत गाणी, एसी, मागचा कॅमेरा आणि गाडीच्या सेटिंग एकाच पडद्यात गुंफलेल्या असतात. तो पडदा जुना झाला की त्याच्याशी बोलायची सोय केवळ उत्पादकाच्या हाती राहू शकते. वस्तू विकत घेतल्यावर ती उघडण्याचा, समजून घेण्याचा आणि तिला नवे काम देण्याचा हक्क आपल्याकडे उरतो का, हा प्रश्न त्या जुन्या डब्यामागच्या तारांनी आपल्यापुढे ठेवला आहे.