मुंग्यांनीं सुचविलेलें गणित

साखरेच्या डब्याकडे निघालेली मुंग्यांची रांग दिसली, कीं आपल्या घरांत पहिला विचार हळद टाकण्याचा होतो. इतक्या मुंग्यांना नेमकी जवळची वाट कोण दाखवितें, हें कोडें मात्र ब्रुसेल्स येथील गॉस, डेनबूर वगैरे शास्त्रज्ञांनीं सोडविण्याचें मनावर घेतलें. १९८९ सालीं त्यांनीं आपला प्रयोग प्रसिद्ध केला. मुंग्यांचें घर आणि अन्न यांच्यामध्यें दोन फांट्यांचा पूल होता; एक फांटा आंखूड, दुसरा लांब. मुंगी चालतांना गंधद्रव्य सोडीत जाते. आंखूड वाटेची मुंगी लवकर परतते, म्हणून तेथें गंध आधीं दाट होतो, मागच्या मुंग्या तिकडेच वळतात, आणि थोड्याच वेळांत बहुतेक सारी रहदारी जवळच्या वाटेनें सुरू होते. हुकूम देणारा कोणी नाहीं, नकाशा कोणाजवळ नाहीं!

मिलान येथील मार्को डोरिगो यांनीं १९९२ च्या आपल्या प्रबंधांत ही युक्ति गणकयंत्रास शिकविली. फिरत्या विक्रेत्यानें वीस गांवें एकेकदां घेऊन घरीं परतावयाचें, तर सर्वांत कमी अंतराचा क्रम कोणता? असे क्रम सहा कोटि अब्जांहून अधिक होतात. एकेक तपासूं गेल्यास जन्म पुरावयाचा नाहीं. डोरिगो यांच्या कृत्रिम मुंग्या कांहीं क्रम चालून पाहतात आणि आंखूड क्रमावर अधिक ‘गंध’ ठेवितात. उत्तर सर्वोत्तमच निघेल अशी हमी नसते; बहुधा चांगलें निघतें.

खरी मौज पुढेंच आहे. त्याच ब्रुसेल्सच्या प्रयोगांत प्रथम लांब फांटाच ठेवून अर्ध्या तासानें आंखूड फांटा जोडला, तेव्हां मुंग्या लांबच्याच वाटेनें जात राहिल्या! जुना गंध लवकर उडत नाहीं. (रूढीचें तरी दुसरें काय होतें?) म्हणून कृत्रिम मुंग्यांचा गंध प्रत्येक फेरीनंतर ठराविक प्रमाणांत मुद्दाम कमी करावा लागतो. मुंगीनें सुचविलें खरें. पण जेथें ती चुकते, तेथें गणितज्ञानें तिची साथ सोडिली.

हा विवेक पुढें पुष्कळांस राहिला नाहीं. वटवाघूळ, करडा लांडगा, देवमासा, असें प्राणिसंग्रहालयच गणितांत शिरलें. वादकांच्या स्वरमेळावर बेतलेली एक पद्धति २००१ सालीं निघाली. ती जुन्या उत्क्रांतिपद्धतीचाच एक विशेष प्रकार असल्याचें डेनिस वेलँड यांनीं २०१० सालीं दाखविलें. माल जुना, वेष्टन नवें! २०१५ सालीं केनेथ सोरेन्सेन यांनीं या प्रकारावर कडक टीका केली. पुढच्याच वर्षीं डोरिगो ज्याचे संपादक, त्या ‘स्वॉर्म इंटेलिजन्स’ नियतकालिकानेंही कळविलें कीं, नुसत्या नव्या रूपकाच्या बळावर आलेले लेख स्वीकारले जाणार नाहींत.