‘फोटो सोडा की!’ : मिरजेच्या कंप्युटर-बोलीचा मागोवा

नव्वदच्या दशकात मिरजेत आमच्या पिढीची कळफलकाशी ओळख टायपिंगच्या क्लासमध्ये झाली. ‘मराठी तीस’ आणि ‘मराठी चाळीस’ म्हणजे मिनिटाला तीस शब्द, मग चाळीस. दुपारभर खडखडाट चाले. पुढं त्याच खोल्यांत कंप्युटर आले. पाटीवर ‘संगणक प्रशिक्षण’ असं रंगवलेलं असे, पण घरातून निघताना प्रत्येक जण ‘कंप्युटरच्या क्लासला जातो’ असंच सांगे. ‘संगणक’ हा शब्द मला मनापासून आवडतो. तो पाटीवर, प्रश्नपत्रिकेत आणि वर्तमानपत्रात चांगला रुजला. बोलण्यात मात्र उतरला नाही.

टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणी डीटीपीच्या दुकानात जशीच्या तशी गेली. श्री-लिपी, आकृती, ज्याचा त्याचा फॉन्ट. प्रत्येक कंपनीनं अक्षरांना आपापले क्रमांक दिलेले. त्यामुळं एका दुकानात जुळवलेली लग्नपत्रिका फ्लॉपीतून दुसऱ्या दुकानात नेली की नवऱ्या मुलाच्या नावाच्या जागी चिन्हांचा कचरा दिसे. त्याला शब्द होता ‘फुटणं’. ‘फॉन्ट फुटला,’ एवढं म्हटलं की पुढं समजावून सांगावं लागत नसे. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 सालीच आली होती, पण आमच्या दुकानांपर्यंत ती पोचली 2001 च्या विंडोज एक्सपीनंतर, तीही रमतगमत. आता हे क्रियापद मोबाइलच्या काचेकडं गेलंय. आजची पोरं ‘स्क्रीन फुटली’ म्हणतात. अक्षरंही फुटायची, हे त्यांना सांगावं लागतं.

त्याच 2001 मध्ये एमकेसीएलची एमएस-सीआयटी आली आणि ‘एमएससीआयटी झाली का?’ हा प्रश्न नोकरीच्या अर्जातून घरोघरच्या चौकशीत शिरला. पाठोपाठ ‘सायबर’ आलं. कॅफे गळून गेला, ‘सायबरला जाऊन निकाल बघून येतो’ एवढंच उरलं. सरकारी शब्दांपैकी एकच असा सहज तोंडी बसला : सेतू. दाखल्यासाठी ‘सेतूत जा’ हे आजही कुणीही सांगतं. लहान शब्द, आधीपासून घरचा, म्हणून टिकला. याउलट ‘परवलीचा शब्द’ आपल्याकडं तयार होता, पहाऱ्यावरच्या शिपायाच्या तोंडचा. तो आपण ‘पासवर्ड’पुढं सोडून दिला, याची मला खंत वाटते.

नावं बाहेरून आली, पण त्यांना लिंग आपण दिलं. फाइल ती, लॅपटॉप तो, नेट ते. मेलचं भांडण अजून मिटलेलं नाही : कुणाला मेल ‘आला’, कुणाला ‘आली’. स्पॅनिशभाषकांचंही असंच आहे. स्पेनमध्ये कंप्युटर म्हणजे ‘ऑर्देनादोर’, पुल्लिंगी. मेक्सिकोत तीच वस्तू ‘कोम्पुतादोरा’, स्त्रीलिंगी. चिलीत ‘कोम्पुतादोर’, पुन्हा पुल्लिंगी. भाषा एक, देश बदलला की यंत्राचं लिंग बदलतं. आम्हाला त्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नाही. मिरजेतून कागवाडच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात कर्नाटक. तिथल्या पुस्तकात ‘गणकयंत्र’, आमच्या पुस्तकात ‘संगणक’, आणि दोन्हीकडच्या तोंडात कंप्युटर.

खरी मराठी राहिली ती क्रियापदांत. फोन लावायचा, रिचार्ज मारायचा, फोटो टाकायचा किंवा सोडायचा, प्रिंट काढायची. आमच्याकडं ‘पाठवा’पेक्षा ‘सोडा’ जास्त ऐकू येतं, जसं पाटाला पाणी सोडावं तसं. फाइल ‘डिलीट’ होते ती यंत्रासाठी, माणसासाठी ती ‘उडते’. हे सगळं कुठल्याही समितीनं ठरवलं नाही. काउंटरच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या माणसांनी रोजच्या कामात ते घडवलं, आणि पारिभाषिक कोश रचणाऱ्यांनी नामांइतकंच लक्ष या क्रियापदांकडं दिलं असतं तर त्यांचे कितीतरी शब्द जगले असते, असं माझं ठाम मत आहे.

सर्व्हर बंद पडला की मिरजेच्या काउंटरवर एकच गोष्ट तीन तऱ्हांनी कानावर येते. ‘नेट गेलंय.’ ‘नेट इल्ला.’ ‘नेट नहीं है.’ रांगेतलं कुणीही त्याचा अर्थ विचारत नाही. पिशवी सावरून सगळे बाकड्यावर टेकतात.