कागदाचा मोबाइल आणि पालकांची पेन्सिल

वसतिगृहातील मुलाला घरी न्यायचे असेल, त्याच्या प्रकृतीची चौकशी करायची असेल किंवा निकाल पाहायचा असेल, तर पालकांना ते मोबाइलवरून करता यावे, यासाठी आम्ही काही माजी विद्यार्थी एक ॲप तयार करीत आहोत. या कामाचा पहिला टप्पा संगणकाविना, कार्डशीट, कात्री आणि पेन्सिल यांच्या साह्याने पार पडला. ‘हा हस्तकलेचा तास कशासाठी?’ असे अनेकांनी विचारले. म्हणून हा लेख.

कच्चा नमुना, म्हणजेच प्रोटोटाइप, अगदी साधा असतो. मोबाइलच्या पडद्याएवढे कागदाचे तुकडे कापायचे आणि ॲपमधील प्रत्येक पान वेगळ्या तुकड्यावर हाताने काढायचे. पालकाने चित्रातल्या बटणावर बोट ठेवले की आमच्यापैकी एकजण तो तुकडा उचलतो आणि त्या जागी पुढचा ठेवतो. हा ‘संगणक’ झालेला माणूस चकार शब्द बोलत नाही.

ही रीत नवी नाही. पाम पायलट हे खिशातले यंत्र १९९६ साली बाजारात आले. त्याआधी त्याचे जनक जेफ हॉकिन्स त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात घेऊन हिंडत आणि कामाच्या वेळी तो काढून वापरल्याचा आविर्भाव करीत. आम्हाला अधिक जवळचे वाटते ते स्कँडिनेव्हियातील उदाहरण. १९८१ मध्ये तेथील मुद्रण कामगारांच्या संघटनेसह ‘यूटोपिया’ हा प्रकल्प सुरू झाला. छपाईत संगणक येणार होता आणि तो कसा असावा हे ठरवण्यात कामगारांचाही वाटा असावा, अशी भूमिका होती. रिकाम्या खोक्यावर ‘लेझर प्रिंटर’ असे लिहून, पुठ्ठ्याची यंत्रे मांडून कामगारांनी आपले उद्याचे काम करून पाहिले.

कागद स्वस्त असतो आणि खोडता येतो, हे खरेच. पण मुख्य कारण निराळे आहे. रंगीत, गुळगुळीत पडदा दाखवला की लोक ‘छान आहे’ म्हणतात आणि गप्प बसतात. कचेरीच्या खिडकीपुढे अर्ज घेऊन उभे राहण्यात ज्यांची वर्षे गेली, त्यांना एखादी गोष्ट कळली नाही तर दोष आपलाच वाटतो. पेन्सिलीने काढलेल्या चित्रापुढे हा संकोच गळून पडतो. ‘हे इथं कशाला ठेवलंय?’ असे माणूस सहज विचारतो.

चाचणीला बसलेल्या पालकांना आम्ही प्रथम सांगत असू, ‘परीक्षा तुमची नाही, या कागदाची आहे. मनात येईल ते मोठ्याने बोला.’ मग काम सांगायचे. मात्र त्यात बटणावरचा शब्द येऊ द्यायचा नाही. ‘रजेचा अर्ज उघडा’ असे म्हटले की उत्तर फुटलेच. त्याऐवजी, ‘शनिवारी घरी लग्न आहे, मुलीला न्यायचंय, काय कराल?’ असे विचारायचे. त्यानंतर गप्प राहायचे. सर्वांत कठीण काम हेच. पालकाचे बोट चुकीच्या जागी थबकले की आपली जीभ सळसळते. पण ते थबकणेच तर टिपून घ्यायचे असते.

पहिल्या फेरीत पाच पालक होते. ‘रजा’ हा शब्द त्यांना नोकरीतला वाटला. ‘घरी नेणे’ म्हटल्यावर बोट लगेच पडले. ‘सबमिट’पाशी अडखळणारे ‘पाठवा’ सहज ओळखत. एका आईने अर्ज पाठवला, पण बोट कागदावरून उचलले नाही. ‘पोचलं का सरांना?’ त्यांनी विचारले. मग पेन्सिल मागून घेऊन त्यांनी कोपऱ्यात व्हॉट्सॲपसारख्या दोन खुणा काढल्या. अधीक्षकांनी अर्ज पाहिला की नाही, हे कळण्याची सोय दुसऱ्या फेरीच्या नमुन्यात आली ती अशी.

पाचच माणसे पुरतात का, अशी शंका रास्त आहे. जेकब नील्सन यांच्या हिशेबानुसार पाच जणांच्या चाचणीत वापरातल्या सुमारे ८५ टक्के अडचणी उघड होतात. हे गणित सरसकट लागू पडत नाही. वापरणारे गट भिन्न असतील तर प्रत्येक गटातली माणसे वेगळी घ्यावी लागतात. वाचता न येणाऱ्या आजीची अडचण पदवीधर वडिलांना बसवून सापडणार नाही.

कागदालाही मर्यादा आहेत. उन्हात पडदा दिसतो का, रेंज गेल्यावर अर्धवट अर्जाचे काय होते, जाड बोटाला बारीक बटण सापडते का, हे प्रत्यक्ष मोबाइलवरच कळेल. ती चाचणी ऊसतोडीला गेलेले पालक परतल्यावर घ्यायची, असे आम्ही ठरवले आहे. मुलांपासून सर्वांत दूर आणि सर्वाधिक काळ तेच असतात. त्यांच्यासाठी आवाजात निरोप पाठवण्याचे पान सध्या कागदावर तयार आहे.