जुन्या जीपचे ब्रेक धरून राहिल्यास

१९४५ सालीं शेतीसाठीं विक्रीस निघालेल्या विलिस जीपला तेलदाबाचे ड्रम-ब्रेक असतात. पाय काढल्यावरही ते धरून राहिल्यास ड्रम तापतात व उतारावर ऐन वेळीं दगा देतात. यासाठीं आम्ही पुढील परीक्षा सुचवितों. इतर चाकांस दगड लावून जड चाक उचलावें व हवा काढण्याचा स्क्रू किंचित् सैल करावा. चाक मोकळें झाल्यास दाब अडकला आहे असें समजावें. पुढचें एकच चाक धरत असेल तर त्याची रबरी नळी आंतून फुगलेली असते. चारही धरत असतील तर पेडलला अर्धा इंच ढिलाई आहे कीं नाहीं तें पाहावें. चाक मोकळें न झाल्यास ड्रममधील स्प्रिंग व शू तपासावे. इंजिनचें तेल ब्रेकमध्यें कदापि घालूं नये. त्यानें रबर फुगतें.