नळापासून ओठांपर्यंत

पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या दवाखान्यात आलेला एक प्रसंग सांगतो. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या एका आजींना पहाटे तीन-चार जुलाब झाले आणि दुपारी त्या चक्कर येऊन पडल्या. ‘पाणी नळाचे, तेही गाळून भरतो,’ असे सूनबाईंनी सांगितले. ते खरेच होते. मात्र माठात घरातील प्रत्येकजण पेला बुडवीत होता. नातवंडांचे हातही त्यात जात होते.

पाण्याचा हा धडा वर्धा जिल्ह्याला नवा नाही. १९३६ साली गांधीजी शेगावी, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहावयास आले. ग्रामसफाई हा त्यांच्या विधायक कार्याचा भाग होता. पुढे डॉ. सुशीला नायर सेवाग्रामास आल्या, त्या सुमारास वर्ध्यात पटकीची साथ उद्भवली आणि या तरुण डॉक्टरबाईंनी ती जवळजवळ एकटीने हाताळली. पटकीचे जंतू रुग्णाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातात. विषमज्वर आणि काही प्रकारची काविळही याच वाटेने येते. म्हणून एका घरचे शौचालय हा साऱ्या वस्तीच्या प्रकृतीचा प्रश्न ठरतो.

नळाचे पाणी दोन ठिकाणी बिघडते. पुरवठा बंद असताना जलवाहिनीतील दाब उतरतो आणि गळक्या जोडातून गटाराचे पाणी आत शिरते. थेट नळाला टिल्लू पंप लावला, तर ही ओढ अधिकच वाढते. दुसरे ठिकाण आपले स्वयंपाकघर. पाणी केवळ गाळल्याने जंतू मरत नाहीत. ते खळखळून उकळावे, झाकून निववावे आणि तोटीच्या माठात ठेवावे. तोटी नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे वापरावे.

साठवणीचे पाणी उघडे राहिले, तर त्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणूनच टाकी, रांजण आणि कूलर आठवड्यातून एकदा रिकामे करून घासावे व कोरडा दिवस पाळावा.

वयोवृद्धांची तहान मंदावलेली असते. शिवाय रात्री शौचालयास उठावे लागू नये म्हणून अनेकजण मुद्दामच पाणी कमी पितात. जुलाब झाल्यावर अशा शरीरातील पाणी झपाट्याने आटते. तेव्हा त्यांना ‘पाणी प्या’ एवढेच सांगू नका. शौचालयाच्या वाटेवर दिवा, भिंतीला आधाराची दांडी आणि हाताशी साबण, एवढी सोय करून द्या.

जुलाब सुरू होताच एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटघोट द्यावे. चमचा चहाचा असावा. हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास, अथवा लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असल्यास, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. लघवी कमी झाली, गुंगी आली किंवा शौचातून रक्त पडले, तर घरी थांबू नये.

त्या आजी बऱ्या झाल्या. त्यांच्या माठाला आता तोटी आहे. आपल्या घरचा माठ आजच एकदा पाहावा.